गरज तोंडावर आणायची नाही

आमच्या खटकचिंचोळीत कुणाला काही विकत घ्यायचं असलं की लोक आधी माझ्या सासऱ्यांना बरोबर घेतात. बैल असो, म्हैस असो, पाण्याची मोटर असो की पोरीच्या लग्नातला शालू, राघोबा सोबत असले म्हणजे फसवणूक होत नाही अशी गावाची खात्री आहे. स्वतः राघोबांची तर त्याहून जास्त. मी त्यांना मामा म्हणते. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण खरेदीला निघाले की त्यांच्या अंगात काहीतरी संचारतं आणि मग बरोबरच्या माणसाचं डोकं ठिकाणावर राहणं अवघड होतं.

त्यांचा नियम एकच, आणि तो हाळीच्या बैलबाजारात पक्का झालेला. विकणाऱ्याला आपली गरज कळू द्यायची नाही. जो बैल घ्यायचा त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. शेजारच्याचे दात बघायचे, त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा, त्याला नावं ठेवायची, चहा प्यायला निघून जायचं आणि परत येताना चुकून नजर पडल्यासारखं विचारायचं, "ह्यो कितीला सोडायलास?" मग रुमालाखाली हात जातो, बोटं धरली जातात, आणि भाव त्या दोघांशिवाय कुणाला कळत नाही. एकदा ऐन पेरणीच्या तोंडावर त्यांच्या बहिणीचा बैल मेला. मामा व्यापाऱ्याला म्हणाले, कारहुणवीला, बैलांच्या सणाला, मिरवायला एखादा दारात असावा म्हणून सहज बघायलोय. बैल स्वस्तात आला हे खरं. पण त्या मिरवण्याच्या गप्पांत तीन बाजार गेले, वाफसा गेला आणि बहिणीचं अर्धं रान तसंच राहिलं. हे मात्र गावात कुणी सांगत नाही.

असा माणूस माझ्या लॅपटॉपची एसएसडी आणायला गेला, त्याची ही गोष्ट.

मी औरादची. घरात मराठी, शाळा कन्नड, गल्लीत दखनी. आमच्याकडच्या माणसाचं एक वाक्य तीन भाषांच्या गावांना जाऊन येतं, आणि नेमकं हेच बंगळूरच्या एका कंपनीला हवं होतं. शेतकरी फोनवर तक्रारी करतात, त्या ऐकून जशाच्या तशा टाइप करायच्या. काम घरून. लग्नानंतर मी दोनदा नोकरीच्या दारापर्यंत जाऊन परत आले होते. एकदा बाळंतपण आडवं आलं, एकदा बीदरला राहायची सोय झाली नाही. हे तिसरं दार माझ्याच घरात उघडत होतं. मला ते हवं होतं, हट्टानं हवं होतं, आणि हे मी घरात सगळ्यांना सांगितलंही होतं. सोमवारी दुपारी तीनला कंपनीची बाई व्हिडिओवर येणार, लॅपटॉप माझ्याकडून बंद करून चालू करवून घेणार, त्यांचं सॉफ्टवेअर चालवून बघणार. अडखळला तर जागा दुसऱ्या कुणाची.

आणि माझा लॅपटॉप तर अडखळण्यासाठीच जन्माला आला होता. व्यंकटनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तो हैदराबादहून जुना घेतलेला. व्यंकट तिकडं औषधाच्या कंपनीत आहे, महिन्यातून एकदा घरी येतो. मी बटण दाबून चुलीपुढं बसायची, भाकरी होऊन परत यायची, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतच असायचं. आतून हार्डडिस्क टकटक वाजायची. "ती काढून एसएसडी बसव, पळायला लागेल," व्यंकट फोनवर म्हणाला. मी सगळी माहिती वाचून काढली. माझ्या लॅपटॉपला हार्डडिस्कच्याच जागी बसणारी, चपट्या डबीसारखी, अडीच इंची, साटा जातीची एसएसडी लागते. नव्या लॅपटॉपांत लांबट पट्टीसारखी बसते, ती एनव्हीएमई. ती माझ्याकडे बसवायला खोबणच नाही. इतकी साधी गोष्ट.

मी ऑनलाइन मागवते म्हणाले, तर मामांनी चहाची बशी खाली ठेवली.

"न बघता? खोक्यातलं?" ते म्हणाले. "बैल काय पोत्यात घालून घेतेत व्हय?"

तसंही पार्सल आमच्या गावात सोमवारच्या आत पोचत नव्हतं. मुलगा तापानं फणफणलेला, त्याला सोडून मला हलता येत नव्हतं. म्हणून मामा बीदरला जाणार हे ठरलं. मी लॅपटॉप उलटा करून मागच्या चिठ्ठीचा फोटो काढला, त्यांच्या फोनवर पाठवला, तो कसा उघडायचा ते दोनदा करून घेतलं आणि बजावलं, "मामा, दुकानात हा फोटो दाखवायचा. बाकी एक शब्द बोलायचा न्हाई."

"व्हय, व्हय," ते म्हणाले. मला तिथंच कळायला हवं होतं. त्यांचं एकदा व्हय म्हणजे हो असतं, दोनदा व्हय म्हणजे नाही.

संध्याकाळी ते आले ते विजयी चेहऱ्यानं. खिशातून पुडकं काढलं. आत पट्टी. एनव्हीएमई.

"फोटो दाखवलात का?"

"फोटो कामून दाखवायचा? लॅपटॉप जुना हाय म्हणून कळलं की दुकानदार आपल्या गळ्यात काय बी मारतेत."

"मग काय सांगितलंत?"

"भावाच्या पोराचा हाय म्हणालो. नवाकोरा, भारीतला. तसं काय नड न्हाई, सहज बघायलोय." आणि मग गंमत सांगितल्यासारखं म्हणाले, "आधी अर्धा घंटा नुसता प्रिंटर बघितला मी. पोरीला पत्ता लागला न्हाई मला काय पायजे त्याचा."

पत्ता लागला नाही हे तर दिसतच होतं. मी लॅपटॉप उघडून दाखवला. हार्डडिस्कची चौकोनी जागा, आणि ती पट्टी. मामांनी ती फिरवून बघितली, दोन्ही बाजूंनी लावून बघितली, आणि मला म्हणाले, "जरा कानशीनं घासलं तर बसंल का?"

त्या रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही. पिंकीचा फोन आला तेव्हा मात्र सगळं भडाभडा बोलून टाकलं. पिंकी माझी नणंद, मंठाळला दिलेली. रोज फोन करते.

"अप्पाला पाठवलीस?" ती हसायला लागली. "मग झालंच वैनी. अप्पा सहज जाऊन आले असतील."

आमच्या घरात 'सहज जाऊन आले' हा पिंकीचाच विनोद आहे आणि त्यावर सगळ्यांत मोठ्यानं तीच हसते. बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचं होतं. कलबुर्गीच्या एका कॉलेजात शेवटच्या थोड्या जागा होत्या आणि तिथल्या कमिटीवर गुरुपादय्यांचा भाऊ होता. हे गुरुपादय्या मामांचे बैलबाजारातले जुने दोस्त. मामा कलबुर्गीला गेले, गुरुपादय्यांच्या घरी जेवले. त्यांनी तीनदा विचारलं, राघोबा, काय काम काढलंत? मामा तीनही वेळा म्हणाले, काम काय, सहज आलतो. त्यांचा हिशोब असा की विषय आपोआप निघेल, मग आपण नको नको म्हणत कबूल व्हायचं. विषय निघाला नाही. पुढच्या वर्षी पिंकीचं लग्न झालं. आता दोन लेकरं आहेत, संसार चांगला आहे. गावात कुणाला इंजेक्शन द्यायची वेळ आली की ती जाऊन बघत उभी राहते, असं तिचा नवरा सांगतो.

"तू स्वतः जा," पिंकी फोन ठेवता ठेवता म्हणाली. "अप्पाच्या भरवशावर बसू नकोस." या वेळी ती हसली नाही.

पण पोराचा ताप उतरेना, आणि शनिवारी मामा पहाटेच अंघोळ करून तयार. "माझी चूक मी निस्तरतो," म्हणाले. मी त्यांच्याकडून घोकून घेतलं. पट्टी नको, डबी पाहिजे. डबी, साटा, अडीच इंच. शाळेतल्या पोरासारखं त्यांनी तीनदा म्हणून दाखवलं. जाताना मी परत ओरडले, "फोटो दाखवा." ते फाटकातून हात हलवत गेले.

दुपारी डबी आली. छान, काळी, चपटी डबी. तिला एक वायर होती.

मी खाटेवर बसले. ती बाहेरून जोडायची एसएसडी होती, फोटो नि गाणी साठवून ठेवायची. लॅपटॉपच्या आत ती कधीच बसणार नव्हती.

"दुकानातल्या पोरीनं विचारलं नाही का, आत पाहिजे की बाहेर?"

"विचारलं की. म्हणालो, दोन्ही चालतंय. माणसानं सवद्यात आपल्याला बांधून घ्यायचं नसतंय."

"आणि आज लॅपटॉप कुणाचा होता?"

मामांनी जरा नजर चुकवली. "साडूचा."

मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. मी परात इतक्या जोरात आदळली की माझ्या सासूबाई, सत्यभामाबाई, आतून बाहेर आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांनी डबी बघितली, वायर बघितली, मग नवऱ्याकडे बघितलं.

"मला बघायला आलते तवा बी यांनी आधी शेजारच्या पोरीची चौकशी केलती," आत्या म्हणाल्या. "माझ्या बापानं तिच्या बापाला जाऊन सांगितलं, तुमचं जमायलंय म्हणून. निस्तरायला आठ दिवस लागले." आणि मामांना म्हणाल्या, "बैल न्हाई त्यो. तिची नोकरी हाय."

 रविवारी दुकान बंद. त्या दिवशी मामा दिवसभर शेतात राहिले, जेवायलासुद्धा आले नाहीत.

सोमवारी सकाळी पोराचा ताप उतरलेला होता. मी त्याला आत्यांच्या हवाली केलं, लॅपटॉप नि त्या दोन चुकीच्या वस्तू पिशवीत घातल्या आणि निघाले. स्टँडवर बघते तर मामा आधीच उभे. खांद्यावर रुमाल.

"तुला भाव कळत न्हाई," ते म्हणाले.

"मामा, आज तुम्ही गप बसायचं," मी म्हणाले. असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. भालकीला बस बदलून बीदर येईपर्यंत ते खरंच गप बसले, आणि ते बघून मला वाईट वाटायला लागलं तसा माझा राग आणखीच वाढला.

दुकानात काउंटरवर सौम्या नावाची मुलगी होती. तिच्या पुढ्यात तीन लॅपटॉप उघडे पडलेले, एक माणूस बिलासाठी ताटकळलेला, एक चार्जर बदलून मागणारा. तिनं मामांना बघितलं आणि स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"या मामा," ती तिच्या कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाली. "आज कोणाचा लॅपटॉप? भावाच्या पोराचा, साडूचा, की आणि कोणाचा?"

मी पिशवीतून लॅपटॉप काढला, काय पाहिजे ते सांगितलं, आत्ताच बसवून पाहिजे हेही सांगितलं. तीन वाजता मुलाखत आहे म्हणाले.

"ठेवून जा. उद्या या," ती म्हणाली. "ह्या तिघांचं आधी आहे."

"उद्या उपयोग नाही हो. आजच तीनला."

"सगळ्यांनाच आजच पाहिजे असतं. ह्या मामांनी दोन दिवस माझा वेळ खाल्ला. दोन्ही वेळेस म्हणाले, काही नड नाही, सहज बघायला आलोय. आता एकदम नड कुठून आली? ते खरं धरू का तुमचं खरं धरू?"

तिचं काही चुकत नव्हतं, हेच जास्त लागलं.  घड्याळात बारा वाजून गेले होते. मी मामांकडे बघितलं तर ते मांडणीवरचा कीबोर्ड उचलून बघत होते. पाठीमागून, कडेनं, बोटानं टकटक करून. शेजारचा बैल बघणं चालू झालं होतं. मला वाटलं, आता इथंच खाली बसावं आणि मोठ्यानं रडावं.

तेवढ्यात त्यांनी कीबोर्ड जागेवर ठेवला. काउंटरजवळ आले. खांद्यावरचा रुमाल काढून हातात घेतला, त्याची घडी केली.

"बाई, मी खोटं बोललो," ते म्हणाले. "भावाला पोरगाच न्हाई. लॅपटॉप हिचा हाय. ही माझी सून. तीन वाजता हिच्या नोकरीची परीक्षा हाय, ह्याच लॅपटॉपवर. माझ्यामुळं हिचे दिवस वाया गेले. आज न्हाई झालं तर नोकरी जातीय."  पुढचं बोलायला त्यांना फार जड गेलं. कान लाल झाले होते. "आम्हाला लई गरज हाय. तुम्ही म्हणाल त्या भावानं द्या."

बिलासाठी थांबलेला माणूस त्यांच्याकडे बघत होता. मामा खाली बघत होते. लग्नानंतर सहा वर्षांत मी या माणसाला कुणाकडे पाण्याचा तांब्यासुद्धा मागताना बघितलं नव्हतं.

 सौम्यानं समोरचा लॅपटॉप बाजूला सरकवला, माझा ओढून घेतला, उलटा केला आणि ती स्क्रू काढायला लागली. जुनी हार्डडिस्क जाड निघाली, नवी एसएसडी पातळ. मधली फट भरायला तिनं खोक्यातली प्लास्टिकची चौकट लावली, म्हणजे हलायला नको. जुन्यातलं सगळं नव्यात उतरवायला संध्याकाळ होईल म्हणाली; म्हणून विंडोज नवं टाकलं, कंपनीचं सॉफ्टवेअर उतरवलं, कन्नड नि मराठी कीबोर्ड चालू केले. जुनी हार्डडिस्क कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. आधीच्या दोन वस्तू तिनं वळत्या करून घेतल्या. भावाचा विषय मामांनी काढला नाही आणि तिनंही जादा पैसे लावले नाहीत.

सगळं होईपर्यंत अडीच वाजले. घरी जायला दोन बस. म्हणजे गाव गाठणं शक्य नव्हतं.

"आत बसा," सौम्या म्हणाली. मागच्या टेबलावरचे खोके तिनं खाली ठेवले. पण दुकान रस्त्यावरचं, माणसं येत होती, बोलत होती, आणि मला तर आवाज ऐकून टाइप करायचं होतं. मी हेडफोन लावत होते तोवर मामा उठून दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले.

कंपनीची बाई बरोबर तीनला आली. लॅपटॉप बंद करा, चालू करा. मी केला. एक श्वास घेतला नाही तोवर पडदा उघडला. मलाच खरं वाटेना. मग तिनं आवाज पाठवला. कुठल्यातरी गावचा शेतकरी मोटर जळाल्याची तक्रार करत होता, अर्धी कन्नड, अर्धी आमची, मध्येच दखनी शिवी. मी टाइप करत होते आणि हेडफोनच्या फटीतून मला दुसराही आवाज ऐकू येत होता. पायरीवर जो चढेल त्याला मामा अडवत होते. एकाला म्हणाले, "जरा थांबा, आत माझ्या सुनेची नोकरी चालू हाय." दुसऱ्याला तेच कन्नडमध्ये म्हणाले, "नम्म सोसीदु परीक्षा नडदद, स्वल्प निल्लरी." तिसऱ्याला, "बहू का इम्तेहान चलरा, थोडा ठैरो मियाँ." शेजारच्या चहावाल्यानं विचारलं तर त्याला सगळं सविस्तर सांगितलं, बंगळूरची कंपनी आहे इथपासून. जन्मभर ज्यानं घरात काय शिजलं तेही शेजाऱ्याला सांगितलं नाही, तो माणूस बीदरच्या भर रस्त्यावर अनोळखी माणसांना माझी नोकरी सांगत होता. माझे डोळे भरून आले आणि एक ओळ चुकली. ती मी परत केली.

"उद्यापासून सुरू करा," कंपनीची बाई म्हणाली.

मी बाहेर येऊन मामांना सांगितलं. "झालं?" त्यांनी विचारलं. झालं म्हणाले. "बरं," म्हणाले आणि खाली पायरीवर बसले. सौम्यानं चहा मागवला. मामांनी तो आढेवेढे न घेता घेतला.

परतीच्या बसमध्ये भालकीच्या पुढं मामांनी स्वतः पिंकीला फोन लावला. आजपर्यंत तीच फोन करायची. मी खिडकीशी होते, सगळं ऐकू येत होतं.

"पिंके, वैनीचं काम झालं तुझ्या," ते म्हणाले. "व्हय. आज लागली. मी दुकानात सांगितलं त्या पोरीला, गरज हाय म्हणून. समद्यांच्या पुढं सांगितलं." पलीकडून ती काहीतरी म्हणाली.  बस खड्ड्यातून गेली, पुढच्या सीटवरची कोंबडी ओरडली. मग मामा म्हणाले, "कलबुर्गीला बी तसंच सांगाया पायजे होतं मी. तुझ्या टायमाला. न्हाई सांगितलं. चुकलं माझं."

आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला, रुमालानं तोंड पुसलं, डोळे मिटून घेतले.

मी फोन कानाला लावला. पिंकी नेहमीसारखी हसली नाही.

"वैनी," ती म्हणाली, "आत्ता काय म्हणाले अप्पा? बसच्या आवाजात नीट ऐकू आलं न्हाई."

तिला नीट ऐकू आलं होतं. मी तिला परत सांगितलं.